ॲम्ब्युलन्स आली, पण निघत का नाही?

नमस्कार मंडळी! छातीत कळ आली, १०८ ला फोन झाला, गाडी दारात आली. मग आपल्या कोल्हापुरात हमखास काय होतं? पाच मिनिटं गाडी हलली नाही, की बोळातली पोरं काचेवर थापा मारायला लागतात. "आवो डॉक्टर, गाडी काढा की! हितं काय करत बसलायसा?"

आजचा व्हिडिओ त्या पाच मिनिटांवर आहे. ती नीट वापरली तर पुढचा तासभर वाचू शकतो, असं माझं म्हणणं आहे.

आत काय चाललेलं असतं बघा. पेशंटचा शर्ट, बनियन काढलेला. अंगाला दरदरून घाम. त्या घामावर ईसीजीचे स्टिकर चिकटत नाहीत, म्हणून आधी गॉझनं छाती कोरडी करायची. केस दाट असतील तर रेझर फिरवायचा. मग छातीवर सहा आणि हातापायांना चार अशा दहा वायरी. गाडी चालू रस्त्यावर असली, की कागदावरच्या रेषा थरथरतात, वाचता येत नाहीत. म्हणून गाडी उभी. पेशंट मध्येच म्हणतो, "मला काय झालं न्हाई, पित्त उसळलंय. पांढरा रस्सा जरा जास्तच झाला." त्याला सांगायचं, काका, हलू नका, बोलू नका.

कागद बाहेर येतो. त्यावर एक-एक मिलिमीटरचे बारीक चौकोन असतात. रेषेचा एक ठरावीक भाग शेजारशेजारच्या लीडमध्ये (लीड म्हणजे एकेका कोनातून टिपलेली हृदयाची रेषा) एक-दोन चौकोन वर उचललेला दिसला, तर हृदयाची रक्तवाहिनी गुठळीनं पूर्ण बंद पडल्याची शक्यता मोठी. पेशंटला पहिल्यांदा गाठल्यापासून १० मिनिटांत हा कागद हातात यायला हवा, असं गाईडलाईन्स सांगतात.

गाडी कुठं वळवायची, ते या कागदावर ठरतं. घराजवळचा दवाखाना चालेलच असं नाही. बंद वाहिनी उघडायचा उत्तम मार्ग अँजिओप्लास्टी, आणि त्याला कॅथलॅब, म्हणजे अँजिओप्लास्टीची खास खोली लागते, रात्रीअपरात्री येणारी टीम लागते. निदानापासून १२० मिनिटांच्या आत ते होणार असेल, तर थेट तिकडंच. शहरातल्या माणसाला हे जमण्यासारखं आहे.

पण पेशंट गगनबावड्याचा असला तर? पन्नासेक किलोमीटरचा रस्ता, आणि हंगामात पुढं उसाच्या ट्रॉल्या. चंदगड तर त्याहून लांब. अशा वेळी गुठळी विरघळवणारं इंजेक्शन आधी देतात आणि मग पेशंट मोठ्या दवाखान्यात हलवतात. टेनेक्टेप्लेज नावाचं औषध वजन बघून एकाच डोसमध्ये शिरेत देता येतं. पहिल्या दोन-तीन तासांत ते सगळ्यात चांगलं काम करतं, बारा तास उलटल्यावर ते सहसा देत नाहीत. पूर्वी मेंदूत रक्तस्राव झालेल्याला हे देत नाहीत, नुकतंच मोठं ऑपरेशन झालं असेल तरी सहसा टाळतात. फ्रान्समध्ये डॉक्टर ॲम्ब्युलन्समध्येच ते देतात. आपल्याकडे साधारणपणे दवाखान्यात. म्हणूनच ईसीजीचा फोटो मोबाईलवरून आधी पुढं गेलेला बरा. पेशंट पोचेपर्यंत तिथली माणसं तयार असतात.

आता मोटरसायकलबद्दल. पेशंट मध्ये, मागं धरायला एक, आणि सुसाट. हे मला अजिबात पटत नाही. हार्ट ॲटॅकच्या पहिल्या तासात जे मृत्यू होतात, त्यातले बरेचसे हृदयाचे ठोके एकाएकी बेताल होऊन होतात. हृदय नुसतं थरथरतं, रक्त पुढं ढकलत नाही. तिथं डीफिब्रिलेटरचा, म्हणजे ठोके ताळ्यावर आणणाऱ्या यंत्राचा, विजेचा शॉक लागतो. तो नाही आणि छातीही दाबली नाही, तर वाचायची शक्यता दर मिनिटाला ७ ते १० टक्क्यांनी घटते. रंकाळ्याच्या वळणावर माणूस मान टाकतो, तेव्हा गाडी चालवणाऱ्याच्या हातात काय असतं? हँडल.

बेलफास्टच्या फ्रँक पँट्रिज या डॉक्टरांनी नेमकं हेच हेरलं. १९६६ मध्ये त्यांनी डीफिब्रिलेटर ॲम्ब्युलन्समध्ये चढवला. कारच्या बॅटरीवर चालणारं ते धूड जवळजवळ ७० किलोचं होतं! पेशंटला दवाखान्यात आणण्याऐवजी दवाखानाच पेशंटकडं न्यायचा, हा त्यांचा विचार.

ऑक्सिजनचा मास्क लावला नाही म्हणून भांडू नका. रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण ९० टक्क्यांच्या वर असेल, तर मास्कचा फायदा नाही, हे अभ्यासांत दिसलंय.

गाडी येईपर्यंत पेशंटला बसवा, जिना उतरवू नका. ॲस्पिरिनचं १०८ च्या माणसांना फोनवर विचारा. ॲलर्जी किंवा रक्तस्राव नसेल आणि त्यांनी हो म्हटलं, तर गोळी गिळायची नाही, चावायची. बेशुद्ध पडला, श्वास नीट चालेना, तर छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी, मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच-सहा सेंटिमीटर आत जाईल इतकं दाबा. बरगडी मोडेल म्हणून थांबू नका.

एकाला बोळाच्या तोंडाशी उभं करा. जुनी फाईल, चालू गोळ्या, मागचा ईसीजी पिशवीत घाला. आणि शेजारच्याची सॉर्बिट्रेट, म्हणजे रक्तवाहिन्या सैल करणारी गोळी, स्वतःच्या मनानं जिभेखाली ठेवू नका. बीपी आधीच कमी असेल तर ती आणखी पाडते. व्हायग्राच्या जातीची गोळी घेतली असेल तर त्यावर सॉर्बिट्रेट फारच धोक्याची. तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, की घरच्यांसमोर लाजू नका, कानात सांगा, पण सांगा.