पाण्याचा मारा झेलणारी 19 माणसं

बघा, ही माणसं नुसती उभी आहेत. बायका, पुरुष, वेगवेगळ्या वयाचे, वेगवेगळ्या वंशांचे, बसस्टॉपवर उभे असतात तसे, एकमेकांकडे कोणी ढुंकूनही बघत नाहीये. एकूण 19 जण. आणि मग काही कळायच्या आत दोन्ही बाजूंनी होजपाइपच्या पाण्याचा असला मारा सुरू होतो की समोरचे धडाधड कोसळायला लागतात.

बिल व्हायोला या अमेरिकन कलाकाराचं हे व्हिडिओ इन्स्टॉलेशन, म्हणजे दालनात मोठ्या पडद्यावर दाखवायची व्हिडिओ कलाकृती, 'द राफ्ट' (तराफा), 2004 सालचं. अथेन्स ऑलिंपिकच्या निमित्ताने केलेलं. म्हणजे तिकडे स्टेडियममध्ये वर्षानुवर्षं घडवलेली शरीरं, आणि इथे आपल्यासारखी, तयारी नसलेली.

खरी गंमत स्लो मोशनमध्ये आहे. हाय स्पीड कॅमेऱ्यावर शूट करून सगळं साडेदहा मिनिटांपर्यंत ताणलंय, त्यामुळे एरवी डोळ्याला कधीच सापडत नाही ते दिसतं. पाणी आदळलं की गाल एका बाजूला सरकतो, डोळे घट्ट मिटतात, हात आपोआप तोंडासमोर येतो आणि पाय जमीन शोधत राहतात. आता हे कलाकार आहेत, शूटिंग चालूय, सगळं मान्य, पण एवढ्या प्रेशरच्या पाण्यापुढे अभिनय करणार तरी किती हो, शरीर त्याला जे करायचं तेच करतं. मघाशी शेजारच्याकडे न बघणारे आता त्याचीच बाही धरून तोल सावरतायत. पाणी थांबतं तेव्हा कोणी रडतंय, कोणी तसंच गुडघ्यात डोकं घालून बसलंय, ज्यांच्यात थोडी ताकद उरलीय ते पडलेल्यांना उठवतायत.

पाणी व्हायोलाच्या कामात सारखं येतं. सहा वर्षांचा असताना तो तळ्यात पडून बुडता बुडता वाचला होता, पण त्याला आठवायचं ते पाण्याखालचं सुंदर निळं जग, भीती नाही!

पुढे 2014 मध्ये लंडनच्या सेंट पॉल्स कॅथीड्रलमध्ये त्याचं 'मार्टर्स' (हुतात्मे) लागलं, चार उभे स्क्रीन, पत्नी आणि सहकारी किरा पेरोव्हसोबत केलेलं. एक जण मातीखाली, एक बाई मनगटांना बांधून वाऱ्यात लटकलेली, एकावर आगीचा पाऊस आणि एक उलटा टांगलेला, वरून पाण्याची धार. आवाज अजिबात नाही. दिसायला जबरदस्त आहे, पण मला विचाराल तर थोडं जास्तच देखणं, तिथे माणसं सोसताना पुतळ्यासारखी शांत दिसतात. 'राफ्ट'मधली धांदल, ते वेडेवाकडे झालेले चेहरे मला जास्त खरे वाटतात.

व्हायोला 2024 मध्ये गेला. 'राफ्ट' कुठे लागलेलं असेल तर एक सांगतो, ते लूपवर चालतं, मध्येच आत शिरलात तर आधी पडलेली माणसं दिसतील आणि मग तीच कोरड्या कपड्यात निवांत उभी, तेव्हा दाराशी जरा थांबा आणि पहिल्यापासून बघा.