बॉयकॉट नावाचे गृहस्थ

श्रोतेहो, नमस्कार. ‘बॉयकॉट करा त्याला!’ सोसायटीच्या मीटिंगमध्ये हे हमखास कानावर पडतं. मीटिंगला गरम बटाटेवडे ठेवल्याशिवाय कोरम भरत नाही, हे माझं जुनं मत. पण ते असो. बॉयकॉट म्हणजे बहिष्कार, हे तुम्हाला ठाऊकच आहे. मुळात मात्र हे एका माणसाचं आडनाव. हो, आडनाव!

कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट हा आयर्लंडच्या मेयो परगण्यात लॉर्ड अर्न यांच्या जमिनीचा कारभारी. १८८० साली कुळं म्हणाली, खंड, म्हणजे जमिनीचं भाडं, पाव हिश्श्याने माफ करा. मालक दहा टक्क्यांवर अडले, वर कुळांना जमिनी सोडायच्या नोटिसा. झालं! गडी काम टाकून गेले, धोबीण कपडे घेईना, लोहार घोड्याला नाल ठोकेना, दुकानदार सामान देईना. गुरांचं वैरणपाणी कॅप्टनच्या घरच्यांच्या गळ्यात. बटाटे, सलगम शेतातच पडून. शेवटी बाहेरून पन्नास मजूर आणले आणि त्यांच्या रक्षणाला हजारभर शिपाई! पीक होतं पाचशे पौंडांचं, खर्च आला दहा हजार. ऐकलंत ना? पाचशेच्या पिकाला दहा हजार! नोव्हेंबरअखेर कॅप्टन गाव सोडायला निघाला, तर गाडी हाकायला माणूस मिळेना. गेला बिचारा लष्कराच्या रुग्णगाडीतून.

वाळीत टाकायला इंग्रजीत ‘ऑस्ट्रसाइज’ होतं, पण ते कुळांच्या तोंडी कुठलं बसायला? म्हणून तिथल्या फादर ओ’मॅलींनी कॅप्टनचं नावच सुचवलं, असं रेडपाथ या पत्रकाराने लिहून ठेवलंय.

आपल्याकडे ३१ जुलै १९२१ ला परळला गांधीजींनी विलायती कापडाची होळी केली. १२ डिसेंबर १९३० ला काळबादेवीत बाबू गेनू हा गिरणी कामगार परदेशी मालाच्या ट्रकपुढे उभा राहिला आणि चिरडला गेला.

तेव्हा बॉयकॉटला एकजूट लागते. एकजूट! एकट्याने कोपऱ्यावरचा वडापाव सोडला, तर त्याला रुसवा म्हणतात. आणि जातपंचायत एखाद्या घराचं पाणी तोडते, तो निव्वळ जुलूम. महाराष्ट्रात त्याविरुद्ध २०१६ चा कायदा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. गावी जाल तेव्हा भावकीत सांगून ठेवा.