नाव असलेली प्यादी : 'फायर एम्ब्लेम' सर्वांना का आवडू लागली?

नमस्कार. २०१२ च्या सुमारास 'फायर एम्ब्लेम' ही गेम मालिका बंद पडण्याच्या बेतात होती. निन्टेंडो या जपानी गेम कंपनीचे निर्माते हितोशी यामागामी यांनी नंतर एका मुलाखतीत सांगितल्याप्रमाणे, नवा भाग अडीच लाख प्रतींपर्यंत पोहोचला नाही तर मालिका तिथेच थांबेल, असे त्यांच्या चमूला स्पष्टपणे बजावण्यात आले होते. तो भाग म्हणजे 'अवेकनिंग', आणि तो त्या आकड्याच्या कित्येक पट खपला. पुढे २०१९ मध्ये आलेला 'थ्री हाउसेस' ३० लाखांच्याही पुढे गेला. चौकटींच्या पटावर आळीपाळीने चाल खेळण्याचा हा प्रकार तसा रुक्ष आणि मूठभरांचा समजला जातो. मग तो एवढ्या लोकांपर्यंत पोहोचला कसा?

नेहमीचे उत्तर असे, की गेम सोपी केली, त्यात प्रेमप्रकरणे घातली आणि लोक आले. हे उत्तर पूर्ण चुकीचे नाही, पण ते देणाऱ्यांचा सूर बहुधा तक्रारीचा असतो, जणू जुन्या वाड्यात कोणीतरी कॅफे काढला आहे. माझे मत वेगळे आहे. या मालिकेने १९९० मध्ये पहिल्याच भागात जी गोष्ट केली, तिच्यात लोकप्रियतेचे बीज होते. ते रुजायला वीस-बावीस वर्षे लागली, एवढेच.

ती गोष्ट समजून घेण्यासाठी बुद्धिबळाकडे पाहू. आमच्या घरी आजोबा रोज संध्याकाळी पट मांडत, आणि प्यादे मारले गेले की ते डब्यात टाकताना त्यांच्या चेहऱ्यावरची रेषही हलत नसे. प्याद्याला नाव नसते, गाव नसते, त्याची वाट पाहणारे कोणी नसते. इंटेलिजन्ट सिस्टिम्स या कंपनीने निन्टेंडोच्या फॅमिकॉम या गेमयंत्रासाठी केलेल्या पहिल्या 'फायर एम्ब्लेम'मध्ये तिचे रचनाकार शोझो कागा यांनी प्रत्येक प्याद्याला नाव दिले, चेहरा दिला, आणि वर असा नियम ठेवला की रणांगणावर पडलेला माणूस परत येणार नाही. खेळणाऱ्यांच्या भाषेत याला पर्माडेथ म्हणतात. या एका नियमामुळे पटावरचे गणित बदलते. वजीर वाचवण्यासाठी प्यादे देणे ही बुद्धिबळात शहाणी चाल ठरते, पण इथे तीच चाल खेळताना हात अडखळतो.

[पडद्यावर : चौकटींचा नकाशा, निळी आणि लाल पात्रे]

माझाच एक अनुभव सांगतो. 'थ्री हाउसेस'मध्ये बर्नाडेटा नावाची एक विद्यार्थिनी आहे. ही मुलगी माणसांना इतकी घाबरते की आपल्या खोलीतून बाहेर पडायलाही तयार नसते, पण हातात धनुष्य दिले की कामाची ठरते. तिचे एक खास वैशिष्ट्य असे, की तिला थोडी जरी इजा झालेली असली तरी तिच्या बाणाने होणारे नुकसान पाच अंकांनी वाढते. ही केवळ आकडेमोड नव्हे, स्वभावही तोच आहे, कारण भेदरलेले माणूसच जोरात ओरडते. तर या बर्नाडेटाला मी मुद्दाम किंचित जखमी ठेवून पुढे आणत होतो आणि स्वतःच्या हुशारीवर खूश होतो. समोरच्या दरोडेखोराला क्रिटिकल वाराची शक्यता होती ३ टक्के. क्रिटिकल म्हणजे तिप्पट मार. काळ मागे फिरवण्याची सोय या भागात आहे, पण ती मोजक्या वेळाच वापरता येते, आणि माझ्या साऱ्या संधी मी एका पेटीच्या हव्यासापायी आधीच उधळून बसलो होतो. ३ टक्के लागले. रात्रीचे दीड वाजले होते, आणि पाऊण तासाचा खेळ मी पुसून पहिल्यापासून सुरू केला. बुद्धिबळातल्या प्याद्यासाठी हे कोणी करेल का?

आता टक्केवारीचा विषय निघालाच आहे तर थोडे आडवाटेने जाऊ, कारण यात मोठी गंमत आहे. २००२ च्या 'बाइंडिंग ब्लेड'पासून मालिकेतील अनेक भाग पडद्यावर दाखवतात तो आकडा शब्दशः खरा नसतो. वार लागणार की नाही हे ठरवताना गेम ० ते ९९ मधून एकाऐवजी दोन अंक काढते, त्यांची सरासरी घेते आणि ती दाखवलेल्या आकड्याशी ताडून पाहते. परिणामी ९० टक्के दिसत असतील तर वार प्रत्यक्षात ९८ टक्के वेळा लागतो, ७५ चे जवळपास ८८ होतात, आणि शत्रूचे १० टक्के घसरून २ च्या आसपास येतात. माणसाच्या मनात '९० टक्के' म्हणजे 'नक्कीच' असा जो समज असतो, त्या समजालाच गेमने नियम करून टाकले आहे. साधी आकडेवारी वापरली असती तर दर दहा वारांमागे एक हुकला असता, आणि नवख्या माणसाने 'ही गेम लबाडी करते' म्हणून ती ठेवून दिली असती. मात्र क्रिटिकलला ही सवलत नाही. तिथे ३ म्हणजे ३च, याची किंमत मी मोजलेली आहे.

मृत्यूच्या नियमाने पात्रांना मोल आले, पण त्याच नियमाने दारही अरुंद झाले होते. ते रुंद कसे झाले, हे मला माझ्या आतेबहिणीने दाखवले. तिला बुद्धिबळाचा मनापासून कंटाळा. पावसाळ्यातल्या एका रविवारी ती आमच्या कोथरूडच्या घरी आली असताना मी हातात धरून खेळायच्या छोट्या यंत्रावरचा, जुना गेम बॉय अ‍ॅडव्हान्सचा भाग खेळत होतो. त्या भागांत दोन पात्रे चाल संपताना शेजारी-शेजारी उभी राहिली की त्यांच्यातली ओळख वाढते, पुरेशी वाढली की त्यांचा एक छोटा संवाद उघडतो, आणि त्यानंतर ती जवळपास लढत असली की दोघांचाही नेम सुधारतो, वार चुकवणे सोपे जाते. याला सपोर्ट म्हणतात. बहिणीला लढाईशी काही देणेघेणे नव्हते. ती फक्त म्हणायची, "दादा, त्याला तिकडे एकटा नको ना पाठवूस, हिच्या शेजारी उभा कर. आता कुठे बोलायला लागलेत दोघं."

तासाभराने मला कळले, की तिचे ऐकून मी फळी न मोडता पुढे सरकत होतो, एकट्यादुकट्याला शत्रूच्या टप्प्यात सोडत नव्हतो, नाजूक पात्रे मागे आणि चिलखतवाली पुढे ठेवत होतो. तिला दोघांचे जुळवायचे होते, आणि त्यासाठी दोघे जिवंत राहायला हवे होते. म्हणून ती न सांगता शत्रूच्या चौकटी मोजायला शिकली. इथे नातेसंबंध डावपेचांवर चिकटवलेले नाहीत, ते डावपेचांच्या आत शिरण्याचा रस्ता आहेत. १९९६ च्या भागात तर जुळलेल्या जोड्यांची मुलेच पुढच्या पिढीचे सैन्य होत असत, त्यामुळे 'अवेकनिंग'ने लग्ने आणली ही तक्रार इतिहासालाही धरून नाही.

'अवेकनिंग'ने जगभर पोहोचवलेली खरी सवलत म्हणजे कॅज्युअल मोड. पडलेले पात्र पुढच्या लढाईत परत येते. ही सोय २०१० मध्ये केवळ जपानात निघालेल्या एका भागात आधी आली होती. मला स्वतःला ती फार काळ पटत नव्हती, आणि अजूनही मी क्लासिक मोडच, म्हणजे पडलेले पात्र परत न येण्याचा जुना नियमच, खेळतो. पण पात्र गमावल्यावर मीही रीसेटच करत होतो. म्हणजे मृत्यू मीही स्वीकारत नव्हतो, फक्त पाऊण तासाचा दंड भरत होतो. ज्यांना तो परवडत नाही त्यांचा दंड माफ झाला, यात बिघडले काय?

प्रसिद्धीची बाजू थोडक्यात सांगतो. २००१ च्या 'सुपर स्मॅश ब्रदर्स मेली' या मारामारीच्या गेममध्ये 'फायर एम्ब्लेम'चे नायक मार्थ आणि रॉय आले, तेव्हा जपानबाहेरच्या बहुतेकांना ते कोण हेच ठाऊक नव्हते. त्या कुतूहलातून २००३ मध्ये मालिका पहिल्यांदा इंग्रजीत आली. २०१७ मध्ये मोबाइलवर 'हीरोज' फुकट आली आणि तिने नशिबाच्या सोडती काढून पात्रे विकली, ज्याबद्दल मला फारसे प्रेम नाही. अशा गोष्टींनी माणूस दारापर्यंत येतो, पण त्याला आत बसवून घेणारे काहीतरी लागते.

'थ्री हाउसेस'ने त्यासाठी चक्क कॉलेज उघडले. गॅरेग माक नावाच्या मठात तुम्ही शिक्षक आहात, तीन 'हाउस'पैकी, म्हणजे वर्गांपैकी, एकाचे विद्यार्थी तुमचे, आणि दर महिन्याअखेर एक लढाई. मधले दिवस शिकवणे, एकत्र जेवणे, कोणाची हरवलेली वस्तू शोधून देणे आणि चहाला बोलावणे यांत जातात. पुण्यात ज्याने 'पुरुषोत्तम'च्या तालमी केल्या आहेत त्याला हे वेगळे समजावण्याची गरज नाही. प्रयोग काही मिनिटांचा असतो, पण माणसे जोडली जातात ती तालमीनंतरच्या टपरीवरच्या चहाने. आणि मग गेम पाच वर्षे पुढे जाते, युद्ध पेटते, आणि ज्यांना तुम्ही आपल्या वर्गात ओढून घेतले नाही, ते समोरच्या बाजूला शस्त्र घेऊन उभे असतात. पुढचा भाग ज्यांना आधी कळायला नको आहे, त्यांनी व्हिडिओ इथेच थांबवावा.

[पडद्यावर : ग्रॉन्डरचे मैदान, मधोमध टेकडी]

बहिणीने पहिल्या खेपेला एडेलगार्ड या वर्गप्रमुख विद्यार्थिनीचा वर्ग घेतला होता. बर्नाडेटा त्याच वर्गातली, आणि तिची लाडकी. दुसऱ्या खेपेला बहिणीने क्लॉड या दुसऱ्या वर्गप्रमुखाचा वर्ग निवडला, या वेळी क्लासिक मोडवर, आणि नव्या मुलांच्या नादात बर्नाडेटाला आपल्याकडे वळवायचे राहून गेले. ग्रॉन्डरच्या लढाईत मधल्या टेकडीवर बाण फेकणारे एक मोठे यंत्र असते. बहिणीने शत्रूचा टप्पा पाहण्यासाठी कर्सर तिथे नेला, आणि यंत्रापाशी उभ्या असलेल्या धनुर्धराचे नाव वाचले. तिने कंट्रोलर मांडीवर ठेवला.

"दादा, हिला आधी आपल्यात घेता आलं असतं?"

"आलं असतं."

"आणि आता?"

मी नाही म्हणालो. ती बराच वेळ नकाशा इकडून तिकडे फिरवत राहिली, टेकडीला वळसा घालून पलीकडे जाणारी वाट शोधत.