ढोल बांधायच्या आधी कुर्ता बघा

बसा रे, मागचे जरा पुढे या, पुलावरच्या ट्रॅफिकमध्ये माझा आवाज पोचत नाही. तुमचे पथकप्रमुख मला म्हणाले, काका, नवीन पोरांना कपड्यांबद्दल दहा मिनिटं सांगा, दरवर्षी गणपती विसर्जनाच्या मिरवणुकीत कोणीतरी लक्ष्मी रोडवर अर्ध्यात बसतंच. माझी ओळख एवढीच की पेठेत माझं शिंप्याचं दुकान आहे आणि तरुणपणी बरीच वर्षं मी पण ढोल बांधलाय, म्हणजे कुर्ता शिवणारा मीच आणि लिंबराज महाराज चौकात त्याच कुर्त्याला शिव्या घालणारा पण मीच. मुलींसाठी आमची ही रविवारी येणारे, त्यात मी तोंड घालत नाही.

तर आधी हे सांगा, कुर्ता घेताना तुम्ही काय बघता? आरसा. आरशासमोर माणूस पोट आत घेऊन, हात खाली सोडून सरळ उभा राहतो. मिरवणुकीत असा उभा किती वेळ असतो? मंडईतल्या टिळक पुतळ्यापासून सकाळी सुरू होतं, बेलबाग चौक, लक्ष्मी रोड करत अलका टॉकीजचा चौक येईपर्यंत आपला नंबर कधी लागेल कोणाला माहीत नसतं, अख्खी मिरवणूक तर २४ तासांच्या पुढे जाते. त्यात तुम्ही वाकणार, हात वर नेऊन ढोलावर टिपरू मारणार, मध्येच फुटपाथवर मांडी घालून वडापाव खाणार. म्हणून ट्रायलमध्ये दोन्ही हात वर करा, खाली बसा, उठा, दहा वेळा टिपरू मारल्यासारखं करा. दुकानदार हसेल, हसू दे. हात वर केल्यावर कुर्ता बेंबीपर्यंत वर आला तर तो बगलेत तंग आहे, मग छातीला कितीही मस्त बसू दे, परत द्या.

हे बगलेचं जरा नीट सांगतो. हा बघा, हा माझ्या हातातला कुर्ता जुना आहे, वडिलांनी शिवलेला. बाही जिथे अंगाला जोडलीये तिथे खाली हा चौकोनी तुकडा दिसतोय का, पत्त्याएवढा? हात वर गेला की हा उघडतो, खाली आला की मिटतो, त्यामुळे ओढ शिवणीवर येतच नाही. आता रेडीमेडवाले हा तुकडा घालत नाहीत कारण त्यात वेळ जातो, बाही गोल कापून शर्टासारखी जोडून टाकतात, आणि मग ती जाड ओव्हरलॉकची शिवण घामाने भिजून चार तास त्याच जागी घासत राहते. दुसऱ्या दिवशी जे हात फाकवून चालतात ना, ते शरीर कमावलेलं म्हणून नाही, सोलवटलंय म्हणून.

कापड कुठलं? सुती, हे तुम्हाला आजीने पण सांगितलं असेल. पण का ते बघा. १०० ग्रॅम कोरडं सुती कापड नुसतं साध्या हवेतच जवळजवळ ८.५ ग्रॅम ओल धरून बसतं, पॉलिस्टर अर्धा ग्रॅम पण धरत नाही. म्हणून सुतीत घाम कापडात जातो, आणि साध्या स्वस्त पॉलिस्टरच्या कुर्त्यात अंगावरूनच ओघळतो. आणि घाम ओघळून उपयोग शून्य, तो वाळला तरच अंग गार पडतं, १ लिटर घाम वाळताना अंगातली साधारण ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. आता भाद्रपदात आपल्याकडे हवाच इतकी दमट की घाम वाळणार कुठे, म्हणून कुर्त्याच्या आतून वारा खेळला पाहिजे. ढगळ घ्या. दोन्ही बाजूचे काप कमरेपर्यंत पाहिजेत, गळ्याची पट्टी बिनखळीची पाहिजे.

पण सुतीचं एक वाईट आहे आणि ते कोणी सांगत नाही. एकदा पूर्ण भिजलं की लवकर वाळत नाही, जड होतं, अंगाला चिकटतं, आणि ओलं सुती कोरड्यापेक्षा जास्त घासतं. एका वर्षी मी हौसेने स्वतःसाठी जाड खादी शिवली, काय रुबाब, आणि दुपारी अशी सर आली की तो कुर्ता रात्री दोनपर्यंत ओला, ढोलापेक्षा कुर्त्याचंच ओझं झालं. तेव्हापासून मी पातळ कापडच सांगतो, मलमल नको, ती ढोलाच्या दोरीला फाटते, पण कॅम्ब्रिक, म्हणजे पातळ पण घट्ट विणीचं सुती, ते चालतं, आणि सॅकमध्ये दुसरा कुर्ता आणि दुसरं बनियन प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवायचं. बनियन बाह्यांचं घ्या. बिनबाह्यांचं बनियन बगलेत नेमकं जिथे पाहिजे तिथेच नसतं.

काळा का पांढरा, ह्यावर तुमच्यात वाद चाललाय असं कळलं. पांढरा उन्हात बरा, बरोबरच आहे. पण १९८० साली नेचर ह्या विज्ञानाच्या मासिकात एक गमतीचा प्रयोग आला होता, वाळवंटातले बेदुइन लोक काळे झगे का घालतात ह्यावर. माणसाला काळा झगा आणि पांढरा झगा घालून उन्हात उभं केलं, तर दोन्हीत अंगापर्यंत पोचलेली उष्णता सारखीच निघाली. काळं कापड जास्त तापतं, पण झगा इतका सैल की ती उष्णता आतल्या हवेबरोबर निघून जाते. म्हणजे रंगावर भांडण्यापेक्षा मापावर भांडा. घट्ट काळा टीशर्ट घालून पाडव्याच्या शोभायात्रेला जाल तर बेदुइन वाचवायला येणार नाही.

आता कंबर. ढोल बांधला की दोरी कुठे येते? बरोबर नाडीच्या गाठीवर. ती गाठ सहा तास पोटात रुतते, आणि वर ढोल दणके देतोय. म्हणून नाडी बांधली की गाठ डावीकडे कुशीला सरकवायची, उरलेली टोकं आत खोचायची. इतकी साधी गोष्ट आहे पण मला कळायला दोन वर्षं लागली. इलास्टिकचा लेंगा पण चालेल, फक्त इलास्टिक रुंद पाहिजे, बोटभर नको. मोबाईल बाजूच्या खिशात नको, ढोलाची कड त्यावर आपटते, कुर्त्याला आतून छातीशी बटणाचा खिसा लावून घ्या, मी लावून देतो, त्याचे पैसे घेत नाही.

चुडीदार ज्याला घालायचाय त्याने फोटोला घालावा. गुडघ्यात वाकलं की तो पोटरीला धरतो आणि भिजला तर काढताना दोन माणसं लागतात. जीन्सबद्दल मी बोलतच नाही. लेंगा घ्या, घोट्याच्या वर संपणारा, आणि दोन पायांच्या मधे जिथे चार शिवणी एकत्र येतात तिथे हात घालून बघा, गाठ लागली की समजायचं जांघ सोलवटणार. वारीतल्या म्हाताऱ्यांकडे बघा कधी, पालख्या पुण्यात दोन रात्री असतात तेव्हा. माउलींबरोबर दिवेघाट चढून एका दिवसात सासवड गाठायचं, ३० किलोमीटरच्या आसपास होतं ते, आणि अंगात काय तर धोतर. धोतरात शिवणच नाही, दोन मांड्यांच्या मधे मऊ कापडाचे पदर येतात आणि वरून खोचलं की वारा. तुम्हाला धोतर नेसायला सांगत नाही, सुटलं तर माझ्या नावाने ओरडाल. पण आतली चड्डी मांडीपर्यंत लांब पायाची घ्या. आणि इथे मी, जन्मभर सुती विकणारा माणूस, सांगतो की ही एक गोष्ट स्पोर्ट्सची सिंथेटिक घेतलीत तरी चालेल, ती वाळते आणि सरकते. जांघेला आधीच खोबरेल नाहीतर व्हॅसलीन लावा, लाजू नका, पावडरीचा चिखल होतो.

पायात नवं काही नको. नवी कोल्हापुरी तर अजिबातच नको, करकर वाजते छान पण अंगठ्यात चावते आणि गर्दीत मागचा माणूस टाचेवर पाय देतो. बूट घ्यायचे असतील तर संध्याकाळी घ्या, दिवसभर चालून पाय फुगलेले असतात, तेच खरं माप. मोजे दोन जोड, दुपारी बदलायचे.

फेटा बांधताना खाली सुती रुमाल ठेवा, रेडीमेड फेट्याची आतली कड कपाळ कापते. डोकं ठणकायला लागलं तर गोळी घ्यायच्या आधी फेटा सैल करून बघा. आणि हो, ह्यातलं सगळं सवाई गंधर्व महोत्सवाला गाणं ऐकायला जाताना चालत नाही, तिथे डिसेंबरात संध्याकाळी घाम नाही तर हुडहुडी असते, तिथे मांडी घालून बसता येईल अशी पँट आणि एक शाल, विषय संपला.

काय? इस्त्री? करा की, पहिल्या दहा मिनिटांसाठी करा.

चला, टेप आणलीये. एकेक जण या, बूट काढून, आणि माप देताना पोट आत घेऊ नका, मला दिसतं ते. हात वर. अजून वर.