खोटं टिपणारी विधानं

नमस्कार श्रोतेहो. 'गर्दी कितीही असो, माझी कधी कुणावर चिडचिड झालेली नाही.' नोकरीसाठी दिलेल्या प्रश्नावलीत हे विधान आलं, तर रोज संध्याकाळी दादरला विरार फास्टमध्ये घुसणारा माणूसही 'बरोबर'वर खूण करून मोकळा होतो. ती खूण टिपायलाच हे विधान तिथे पेरलेलं असतं.

अशा विधानातलं वागणं चांगलं, पण सहसा कुणालाच न जमणारं. नाहीतर किरकोळ वाईट, पण सगळेच करतात असं. क्राउन आणि मार्लो या मानसशास्त्रज्ञांच्या 1960 सालच्या चाचणीत अशी 33 विधानं आहेत. स्वतःला चांगलं दाखवणाऱ्या उत्तराला गुण मिळतो. 18 ठिकाणी 'बरोबर'ला गुण, 15 ठिकाणी 'चूक'ला. कारण काही जण न वाचताच सरसकट 'बरोबर' ठोकत जातात.

मराठीत खरी गोची नकाराची. 'मी कधी विनातिकीट प्रवास केलेला नाही' असं विचारून पुढे 'हो' आणि 'नाही' छापलं, की घोळ झालाच. आपल्याकडे 'नाही' म्हणजे 'नाही केला बुवा', म्हणजे विधानाला दुजोरा. गुण देणारा मात्र तो नकार धरतो. म्हणून पर्याय 'बरोबर' आणि 'चूक' असेच ठेवावेत, आणि आधी दहा-पंधरा जणांकडून विधान मोठ्याने वाचून घेऊन त्यांना काय कळलं ते विचारावं.

आणि गुण जास्त आले म्हणजे माणूस खोटारडा, असं नाही हं! एखादा खरोखरच पापभीरू असतो, एखाद्याची स्वतःबद्दल तशी प्रामाणिक समजूत असते. निव्वळ या गुणांवर उमेदवार बाद करणं मला चुकीचं वाटतं.

चाळीतल्या एका खोलीत, सासूबाई शेजारी बसलेल्या असताना, सुनेला घरातलं काही विचारलंत तर कुठलीच चाचणी कामाची नाही. तिथे नाणं बरं. 1965 मध्ये संशोधक वॉर्नर यांनी मांडलेल्या कल्पनेचं हे सोपं रूप. नाणं उत्तर देणाऱ्याचं, उडवायचंही त्यानेच, कुणाला न दाखवता. छापा पडला तर डोळे मिटून 'हो', काटा पडला तर खरं उत्तर. 200 जणांत 130 'हो' आले, तर साधारण 100 छाप्याचे. उरलेल्या 100 पैकी 30, म्हणजे 30 टक्के. कोण ते कुणालाच कळत नाही. मात्र 200 जणांतही हा आकडा साधारण 13 ने मागेपुढे, म्हणजे 17 ते 43 टक्के, होऊ शकतो, आणि छापा पडूनही 'हो' म्हणायला कचरणारे भेटतात, तेव्हा तो आणखी खाली येतो.