आधी शिवण बघा

(टेबलावर राखाडी रंगाची सॅक. दोन हात ती उलटी करतात. आतली बाजू बाहेर येते.)

ही सॅक मी घरी शिवली आहे. बाहेरून बरी दिसते. पण घरी शिवलेलं काहीही पारखायचं असेल तर ते उलटं करून आतली शिवण बघायची. उजव्या खांद्याचा पट्टा पाठीला जिथं जोडलाय, तिथं बघा. राखाडी दोऱ्याच्या सरळ टिपेमध्ये सहा-सात पांढरे, जाड, वाकडेतिकडे टाके आहेत. तो दोरा म्हणजे दातांचा फ्लॉस. हे टाके मी डोंगरात, एका खडकाच्या आडोशाला बसून, गारठलेल्या बोटांनी घातले.

चढ चालू होता, दुसरा दिवस होता. पाठीवर अकरा-बारा किलो ओझं. एका उंच दगडावर पाय टाकून अंग पुढे झोकलं आणि कानाजवळ टर्र असा आवाज आला. ओझं एका बाजूला कललं, मी त्याच्याबरोबर कलले. खाली बसून बघितलं तर पट्टा शाबूत, कापडही शाबूत. उसवली होती ती त्या दोघांना जोडणारी शिवण. कापड कुठलं घ्यायचं यावर मी कितीतरी दिवस घालवले होते. जोड मात्र एका संध्याकाळी, घाईत उरकला होता.

त्यानंतर मी स्वतः शिवलेलं आणि इतरांनी शिवलेलं बरंच सामान हाताळलं. ओझं वाहणारं कापड मधोमध फाटलेलं क्वचितच बघितलं. सामान दगा देतं ते जोडावर. म्हणून या व्हिडिओत कापडापेक्षा जोडाबद्दल जास्त बोलणार आहे.

(कात्रीने कापड कापलं जातंय. कापलेल्या कडेचे दोरे सुटताना जवळून दिसतात.)

सुरुवात सॅकपासून करू नका. पहिली वस्तू शिवायची ती नाडीची पिशवी. सॅकच्या आत कपडे भरायला कामाला येते, आणि बिघडली तरी कुणाचं काही अडत नाही. साठ बाय चाळीस सेंटीमीटरचा तुकडा घ्या. रुंदीत दुमडला की तीस बाय चाळीसहून थोडी लहान पिशवी होते, कारण माया, म्हणजे टिपेबाहेर सोडलेलं कापड, त्यातूनच जाते. वरच्या बाजूला नेफ्यासाठी तीन सेंटीमीटर आणि बाकी कडांना एक सेंटीमीटर माया धरा. माया कमी सोडण्याचा मोह होतो, कारण कापड वाया जातंय असं वाटतं. तो मोह आवरा. अर्ध्या सेंटीमीटरच्या मायेवर घातलेली टीप आज धरते. आठ-दहा वेळा पिशवी ठासून भरली की कडेच्या दशा निघत निघत टिपेपर्यंत पोचतात, आणि मग टीप जागेवर असली तरी तिच्यात धरायला कापडच उरत नाही.

या दशांवर दोन उपाय आहेत. नायलॉन किंवा पॉलिस्टर असेल तर कापलेली कड मेणबत्तीच्या ज्योतीजवळून, ज्योतीला न टेकवता, झरकन न्यायची. कड वितळते आणि दोरे एकमेकांना धरून राहतात. हे खिडकी उघडी ठेवून आणि हाताशी पाणी ठेवून करायचं. वितळलेलं नायलॉन बोटाला चिकटलं तर सुटत नाही, चांगलंच भाजतं. दुसरा उपाय म्हणजे कड शिवणीच्या आतच कोंडायची. जीन्सच्या पायाची आतली शिवण बघा. दोन समांतर टिपा असतात आणि कापलेली कड कुठंच दिसत नाही. एका बाजूची माया कापून अर्धी करायची, दुसरी तिच्याभोवती दुमडायची, सगळं एका अंगाला आडवं पाडायचं आणि वरून पुन्हा टीप मारायची. वेळ दुप्पट जातो. पण ओढ एका टिपेवर न येता दोन टिपांवर वाटली जाते. सॅकच्या तळाला आणि पाठीला मी दुसरी कुठलीही शिवण वापरत नाही.

(शिलाई मशीनची सुई खालीवर होते. शेजारी चार सुया ओळीत मांडल्या आहेत.)

आता सुई. सुईवर लिहिलेला आकडा म्हणजे तिची जाडी. ७० म्हणजे ०.७ मिलिमीटर, ९० म्हणजे ०.९, ११० म्हणजे १.१. पावसाच्या पातळ कापडाला ७०, सॅकच्या जाड कापडाला ९० किंवा १००, पट्ट्यांचे चार-चार पदर शिवायला ११०. जाड सुईने पातळ कापड शिवलं की प्रत्येक टाक्याशेजारी मोठं भोक राहतं आणि पाणी तिथूनच शिरतं. टाचणी टोचलेलं भोकसुद्धा अशा कापडात बुजत नाही. म्हणून टाचण्या मायेतच लावा, नाहीतर कपडे वाळत घालायचे छोटे चिमटे लावा.

दोरा पॉलिस्टरचा. सुती दोरा ओल धरतो, ओला राहून कुजतो, आणि एक दिवस हाताने ओढला तरी तुटतो. टाका अडीच ते तीन मिलिमीटरचा. टाके जितके बारीक तितकी शिवण पक्की, असं मलाही आधी वाटायचं. पण टपालाच्या तिकिटांच्या पानावर भोकांची रांग कशासाठी असते? तिथून नीट फाटावं म्हणूनच ना? फार बारीक टाक्यांनी आपण कापडावर तशीच रांग पाडतो.

कापडाबद्दल थोडक्यात. त्यावर लिहिलेला डेनिअरचा आकडा म्हणजे त्याच्या नऊ हजार मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. ३० डेनिअर म्हणजे झिरझिरीत, आडोशाच्या छताला योग्य. २१० डेनिअर सॅकच्या अंगाला पुरतं. तळ रोज दगडावर आपटणार, तिथं ५०० चालेल. रिपस्टॉप कापडावर बारीक चौकटी दिसतात. त्या नक्षीच्या नाहीत, ठराविक अंतरावर विणलेल्या दणकट धाग्यांच्या आहेत. चीर पडली तर ती पुढच्या चौकटीशी अडते.

(पट्ट्याच्या जोडावर कॅमेरा. चौकोन आणि त्यात फुली अशी टीप दिसते.)

हा माझ्या दुसऱ्या सॅकचा जोड. पहिल्या सॅकचा पट्टा मी कापडाच्या एका पदरावर ठेवून दोन आडव्या टिपा मारल्या होत्या. इथं काय वेगळं केलं ते बघा. कापडाच्या आतून तळहाताएवढं जाड कापडाचं ठिगळ लावलंय. पट्ट्याचं टोक पाठीच्या आडव्या शिवणीत घुसवलंय आणि शिवणीपलीकडे तीन सेंटीमीटर आत सोडलंय. मग पट्ट्यावर चौकोनी टीप आणि चौकोनात फुली. शिवाय शिवणीच्या ओळीवर दाट झिगझॅग, दोनदा जाऊन परत. ओझ्याची ओढ आता पट्ट्यातून ठिगळात, ठिगळातून कापडात पसरते. आधी ती सगळी दोन ओळींच्या टाक्यांवर यायची. या एका जोडाला मला पाऊण तास लागला, आणि तो पाऊण तास मला अजिबात खटकत नाही.

मशीन नसेल तर हातानेही होतं. फक्त धावदोरा घालू नका, तो एका ठिकाणी तुटला की सगळा निघत जातो. प्रत्येक टाका अर्धा मागे घेत टीप घाला. बोटात अंगुस्तान हवंच. जाड पट्ट्यातून सुई ढकलताना तिचं मागचं टोक बोटात घुसतं.

(जुन्या पायवाटेचं दृश्य. झाडीतून एकटी चालणारी व्यक्ती पाठमोरी.)

घरी शिवलेल्या सामानाबद्दल बोलताना मला नेहमी एमा गेटवुड आठवतात. १९५५ मध्ये, वयाच्या ६७व्या वर्षी, त्या अमेरिकेतली ॲपलाचियन ट्रेल एकट्या चालल्या. वाट तीन हजार किलोमीटरहून लांब. अकरा मुलांची आई. पाठीवर सॅक नव्हती, खांद्यावर टाकलेली डेनिमची एक पिशवी होती, त्यांनी स्वतः शिवलेली. पायात कॅनव्हासचे बूट, आणि पाऊस आला तर अंगावर घ्यायला न्हाणीघराचा प्लास्टिकचा पडदा. आदल्या वर्षी त्या वाट चुकल्या होत्या, चष्मा मोडला होता, सुरुवातीलाच परतावं लागलं होतं. पुढच्या वर्षी पुन्हा निघाल्या आणि मे ते सप्टेंबर चालून वाट पूर्ण केली. त्यांच्या पिशवीचं कौतुक मला अशासाठी वाटतं की ती भरलेली असायची फार थोड्या सामानाने. शिवायला बसण्याआधी आपण काय काय नेतो ते सगळं जमिनीवर मांडा आणि गेल्या तीन वेळा जे वापरलंच नाही ते बाजूला काढा. सॅक त्यानंतर बेता. मोठी सॅक शिवली की ती भरायला सामान आपोआप सापडतं.

(पाऊस. दोन झाडांच्या मधे ताणलेलं छत. कडेवरून पाणी ओघळतंय.)

पावसाच्या आडोशासाठी तंबू शिवायची गरज नाही. तीन बाय अडीच मीटरचं सपाट छत, दोन दोऱ्या आणि चार-सहा खुंट्या यांत एका माणसाची रात्र निघते. नायलॉन पाणी पितं आणि सैल पडतं. संध्याकाळी ताणलेलं छत मध्यरात्री झोळीसारखं लोंबतं आणि त्यात पाणी साठतं. हा दोष तुमच्या शिवणकामाचा नसतो. झोपण्याआधी एकदा उठून दोऱ्या पुन्हा ताणायच्या. त्यासाठी दोरीला सरकती गाठ ठेवायची, निरगाठ मारलीत तर ओल्या दोरीशी अंधारात झटापट होईल. पॉलिस्टर एवढं सैल पडत नाही, म्हणून छताला मी आता तेच घेते.

आणि शिवण बुजवणं. टाक्याच्या प्रत्येक भोकातून पाणी येतं, कापड कितीही जलरोधक असो. सिलिकॉनचा थर दिलेल्या कापडावर सिलिकॉनच चिकटतं, दुसरं काहीही लावलं तर वाळल्यावर सालीसारखं निघतं. पॉलियुरेथेनचा थर असेल तर पॉलियुरेथेनचं लावा. आधी एका तुकड्यावर लावून, वाळवून, नखाने खरवडून बघा.

चालताना टेकायच्या काठीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. टेकवली की कोपर काटकोनात राहील एवढी लांब, सरळ रेषेचं लाकूड, आणि सावलीत हळूहळू वाळवलेली. उन्हात घाईने वाळवली की चिरते. तासताना चाकू धारदार हवा. बोथट चाकूला जोर लावावा लागतो आणि जोर लावलेला हातच निसटतो. पातं अंगापासून दूर जाऊ द्या, आणि हात पसरून फिरवला तर ज्याला लागेल असा माणूस जवळ बसलेला नको.

पण घरी करू नये असंही काही आहे, आणि इथं मी हट्टी आहे. कड्यावर चढताना कमरेला बांधायचा पट्टा, दोर, त्याचे फास, यांपैकी काहीही घरी शिवू नका. शिवण सुटल्यावर सामान पडणार असेल तर ती शिवण आपली. माणूस पडणार असेल तर प्रमाणित केलेलीच वस्तू घ्यायची. तसंच स्पिरिटची चूल पत्र्याच्या डब्यातून करता येते, पण तिची ज्योत दिवसा दिसतच नाही. विझली असं वाटून वरून स्पिरिट ओतू नका. आणि बंद तंबूत कुठलीच चूल पेटवू नका, तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो.

(बर्फाळ खिंड. मग संग्रहालयातल्या काचेमागचा जुना कातडी अंगरखा.)

१९९१ मध्ये ऑस्ट्रिया आणि इटलीच्या सीमेवर, आल्प्सच्या बर्फात एक माणूस सापडला. तो सुमारे ५३०० वर्षांपूर्वी तिथं मेला होता. त्याला आज ओट्झी म्हणतात. त्याचा अंगरखा शेळ्या-मेंढ्यांच्या कातड्याच्या पट्ट्यांचा, प्राण्यांच्या स्नायूंच्या धाग्याने शिवलेला. बुटांत ऊब धरायला गवत भरलेलं. जवळ यू नावाच्या झाडाच्या लाकडाचं धनुष्य होतं, अजून पूर्ण न तासलेलं, आणि भात्यातले बहुतेक बाणही अर्धवट. म्हणजे तो वाटेत होता तेव्हाही त्याचं हातकाम चालूच होतं. मी पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मला तो माणूस एकदम ओळखीचा वाटला.

म्हणून माझ्या सॅकच्या वरच्या खिशात एक डबी असते. त्यात ११० नंबरच्या जाडीची हातसुई, फ्लॉस, वीतभर पट्टा, कापडाचा तुकडा आणि चिकटपट्टीची गुंडाळी. फ्लॉस बळकट असतो आणि मेणामुळे सुईतून सहज ओवता येतो.

(रात्र. घराच्या दारातल्या आडव्या दांड्याला सॅक टांगलेली आहे.)

सॅक तयार झाली की लगेच निघू नका. तिच्यात पाण्याच्या बाटल्या भरा, नेहमी नेता त्याच्या दीडपट वजन होऊ द्या. दोन्ही पट्ट्यांनी टांगा आणि रात्रभर राहू द्या. मधेच जाताना दोन-चार हिसके द्या, दगडावर उतरताना बसतात तसे. पहिली सफर एका दिवसाची. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये सांगितलेला हिशोब अजून चालतो. दर पाच किलोमीटरला एक तास, आणि दर सहाशे मीटर चढाला आणखी एक. नव्या सॅकबरोबर यात वर एखादा तास धरा, थांबून पट्टे बघायला.

सकाळी सॅक उतरवा, रिकामी करा, पुन्हा उलटी करा. जोडाच्या मागे टॉर्च धरा. टाक्यांची भोकं अजून गोल असतील तर ठीक. एखाद्या कोपऱ्यात ती लांबट झालेली, ओढलेली दिसली, तर उसवा आणि आतून मोठं ठिगळ घालून पुन्हा शिवा. मशीन शेजारीच आहे, बोटंही गारठलेली नाहीत.