योगीच्या गळ्यातली कॉलर

(बेळगाव, खानापूर आणि निपाणी भागातल्या चित्रकला शिक्षकांसमोर व शाळकरी मुलांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. योगी बेअर, कार्टूनमधलं ते अस्वल, तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय. अंगावर कपडा म्हणाल तर काही नाही, आणि गळ्यात मात्र पांढरी कॉलर नि हिरवा टाय. त्याच्या जोडीचा बू-बू बघा, त्याच्याही गळ्यात बो. हक्लबेरी हाउंड या कुत्र्याचं तेच. फ्लिंटस्टोन्स या मालिकेतला फ्रेड जनावराचं कातडं गुंडाळून अश्मयुगात राहतो, पण टाय घातल्याशिवाय घराबाहेर पडत नाही. हे सगळं हौसेनं केलेलं नाही. ती कॉलर म्हणजे जोड झाकायची जागा आहे. धड एका पारदर्शक शीटवर काढलेलं असतं, डोकं दुसऱ्या शीटवर. डोकं हललं की मानेपाशी रेघ दिसणार, ती कॉलरीखाली जाते. आज मला याच कॉलरीबद्दल बोलायचंय. ही सगळी पात्रं विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा या अमेरिकन जोडीची. त्यांच्या टीव्ही मालिकांमधला विनोद चित्रं कमी पडली तरी टिकला असं लोक म्हणतात. माझं म्हणणं वेगळं आहे. चित्रं कमी होती म्हणूनच तो विनोद तसा घडला, आणि म्हणूनच तो आपल्या शाळेच्या वर्गात करून बघता येतो.

आधी हिशेब. हे दोघं एमजीएम स्टुडिओत १९४० पासून टॉम अँड जेरी करत होते. त्या मालिकेला सात ऑस्कर मिळाली. १९५७ मध्ये एमजीएमनं कार्टून विभागच बंद केला, आणि त्याच वर्षी या दोघांनी स्वतःची कंपनी काढली. थिएटरसाठीच्या सात मिनिटांच्या फिल्मला चाळीस-पन्नास हजार डॉलर खर्चायची सवय असलेल्या या मंडळींना टीव्हीवाले पाच मिनिटांसाठी तीन हजारांच्या आसपास देत होते. सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे पडद्यावरची २४ स्थिर चित्रं, धरली तर सात मिनिटांच्या १०,०८० फ्रेम होतात. एक चित्र दोन फ्रेम दाखवलं तरी एका पात्राची पाच हजारांवर चित्रं. तीन हजार डॉलरांत हे बसणार कसं?

एक संवादाचं दृश्य घेऊ. चार सेकंद, म्हणजे ९६ फ्रेम. जुन्या पद्धतीनं अख्ख्या अंगाची ४८ चित्रं लागतील. नव्या पद्धतीत धडाचं एक, डोक्याची तीन, पापण्यांची दोन आणि तोंडाची सहा. एकूण बारा. तीच बारा आलटूनपालटून मांडायची.

पिंगुळीच्या चामडी बाहुल्या किंवा आपल्याच मुलखातली तोगलु गोंबेयाट, म्हणजे चामडी बाहुल्यांचा कन्नड खेळ, ज्यांनी पाहिलीय, त्यांना हे लगेच कळेल. तिथंही धड स्थिर असतं, एक हात तेवढा हलतो, आणि किळ्ळेक्यात हे विनोदी पात्र आलं की पोरं हसतात ती त्याच्या बोलण्याला. बाहुली जेवढी कमी हलते तेवढं सगळं ओझं आवाजावर येतं.

हॅना-बार्बेराच्या मालिकांतही ओझं आवाजानंच उचललं. योगी आणि हक्लबेरी हे दोन्ही आवाज डॉस बटलरचे. बू-बू आणि जंगलाचा रखवालदार रेंजर स्मिथ डॉन मेसिकचे, पुढं स्कूबी-डू हा कुत्राही त्याचाच. आवाज आधी रेकॉर्ड व्हायचा आणि त्यावर फ्रेम मोजून तोंड बसवायचं. हा क्रम मुलांकडून हमखास उलटा होतो. आधी चित्रं काढून मोकळी होतात, मग त्यावर बोलायला जातात. बोलणं लांबतं, चित्रं संपतात आणि घाईघाईनं ओरडून वाक्य पुरं करतात. आवाज आधी. त्यात तडजोड नको.

आता तोंडं. साधारण सहा आकारांत काम भागतं. ओठ मिटलेले, प-ब-भ-म साठी. किंचित उघडं आणि दात दिसणारं, स-त-द-न-क आणि इ साठी. मध्यम उघडं, अ आणि ए साठी. पूर्ण उघडं, आ साठी. गोल, ओ साठी. आणि चंबू, उ-ऊ साठी. फ्रेडची ती आरोळी आठवा, याबा डाबा डू. आ, मिटलेलं, आ, परत आ, मिटलेलं, आ आणि शेवटी चंबू. तीन तोंडांत आरोळी पुरी. फ्रेडच्या तोंडाभोवतीचा दाढीच्या खुंटांचा फिका पट्टा पाहिलात ना? तोंडाच्या शीटला त्यातच ठरलेली जागा मिळते. योगीच्या थोबाडाचा रंगही वेगळा आहे, कारण तेच.

आपण मराठी वाक्य घेऊ. योगीची सगळी धडपड सहलीला आलेल्यांच्या खाऊच्या टोपलीसाठी, म्हणून वाक्यही खाण्याचंच: “माझा डबा कुणी खाल्ला?” दोन सेकंदांचं वाक्य. शाळेत सेकंदाला १२ फोटो पुरतात. एका फोटोचं एक घर, म्हणजे २४ घरं. पहिलं घर मिटलेलं, दुसरं-तिसरं आ. चौथं किंचित, पाचवं-सहावं आ. सात-आठ किंचित. नववं मिटलेलं, दहा ते बारा आ. तेरा-चौदा चंबू. पंधरा ते सतरा किंचित. अठरा-एकोणीस आ. विसावं किंचित, एकवीस-बावीस आ. शेवटची दोन मिटलेली. चारच तोंडं लागली. यातलं पहिलं आणि नववं घर चुकवू नका. बाकी कुठं एखादं घर मागंपुढं झालं तर कुणाच्या लक्षात येत नाही, पण ‘म’ आणि ‘ब’ ला ओठ मिटले नाहीत तर डोळा लगेच पकडतो. आणि तोंड आवाजाच्या आधी एक घर आलं तर चालतं, नंतर आलेलं मात्र खपत नाही. बोलणं आणि बोलणारा वेगळे पडतात.

इथं आपल्या भागाचा एक फायदा सांगतो. १९९५ मध्ये कार्टून नेटवर्क भारतात आलं. इथल्या पोरांच्या घरात मराठी, गल्लीत मराठी-कन्नड दोन्ही, आणि कार्टून पुढं हिंदीत. तरी ते हिंदी त्या इंग्रजी तोंडांवर बऱ्यापैकी बसलं, कारण तोंडंच मोजकी होती. तुम्ही तर एकच फिल्म दोन भाषांत करू शकता. तेच वाक्य कन्नडमध्ये, “नन्न डब्बी यारु तिंदरु?” डबा आणि डब्बी, ओठ एकाच ठिकाणी मिटतात. बदलायचं काय? सुरुवातीचं मिटलेलं तोंड किंचित होईल. डब्बीतल्या ‘ब्बी’ नंतर आ नको, किंचित हवं. ‘कुणी’च्या जागी आधी आ, मग चंबू येईल, आणि शेवट आ ऐवजी चंबूनं. नवं चित्र एकही नाही, फक्त घरं पुन्हा मांडायची. उत्तर देणारं दुसरं पात्र खुशाल आपल्या बोलीत बोलू दे, “मी नाही खाल्लो की!” प्रमाण मराठीच्या धाकानं मुलांचे आवाज कृत्रिम होतात, तेव्हा विनोद पहिला मरतो.

पात्र काढतानाचं एक उदाहरण मला फार आवडतं. स्कूबी-डू १९६९ मध्ये आला. त्याचं रेखाटन इवाओ ताकामोतो यांचं. स्कूबी ग्रेट डेन जातीचा. ताकामोतोंनी ही जात पाळणाऱ्या एका जाणकार व्यक्तीकडून बक्षीसपात्र कुत्र्याची लक्षणं समजून घेतली. ताठ पाठ, सरळ पाय, लहान हनुवटी. आणि मग प्रत्येक लक्षण उलटं काढलं. पाठीला बाक, पाय फेंगडे, हनुवटी मोठी. विनोदी पात्र असं होतं. आधी खरं काय ते माहीत पाहिजे, मग नेमकं कुठं वाकवायचं ते कळतं. मुलांना म्हैस काढायला सांगा, पण आधी गोठ्यात नेऊन म्हशीची शिंगं आणि खूर बघायला लावा.

जोडी निवडताना आकार बघा. दोघांची फक्त काळी सावली काढली तरी कोण कोण ते ओळखू आलं पाहिजे. मोठा योगी, छोटा बू-बू. एक बेत आखतो, दुसरा रेंजरसाहेबांना हे आवडणार नाही म्हणून बजावतो. दोघं सारख्याच उंचीचे आणि सारख्याच अंगाचे असतील तर बारा चित्रांत विनोद उभा राहत नाही.

मग धावणं, पडणं, आदळणं? ते शक्यतो दाखवायचंच नाही. पात्र मागं झुकतं, पाय हवेत गरागरा फिरतात, धुळीचा लोट उरतो. पात्र चौकटीबाहेर गेलं. मग मोकळी पार्श्वभूमी, आणि बाहेरून धडाड्धूम. आवाज येताच दोन-तीन फोटो काढताना पार्श्वभूमी पाच मिलिमीटर हलवली की कॅमेरा हादरल्यासारखा वाटतो. पडलेला माणूस आपण पाहिला नाही, तरी हसू जास्त येतं. फ्लिंटस्टोन्समध्ये धावायच्या पायांना बाँगोचा आवाज आहे, फ्रेड बोलिंगला चवड्यांवर पळतो तेव्हा झायलोफोनचा. तुम्ही स्टीलची वाटी, डफली, पत्र्याचा डबा घ्या.

एक धोका आहे. चित्र थांबलं की मेलेलं दिसतं. म्हणून दर दोन-तीन सेकंदांनी पापणी. १२ च्या वेगात अर्धी एक घर, मिटलेली एक घर, परत अर्धी एक घर. आणि विनोद होऊन गेल्यावर पात्राला एक सेकंद तसंच प्रेक्षकांकडे बघत ठेवा. मुलांना हा सेकंद फार लांब वाटतो, ती कापून टाकतात. कापू देऊ नका.

आता सामान. ओएचपी शीट, म्हणजे पारदर्शक प्लास्टिकची शीट, घ्या. रेघ समोरून परमनंट मार्करनं आणि रंग मागच्या बाजूनं, म्हणजे रेघ स्वच्छ राहते. पोस्टर कलर शीट वाकली की तडकतो, ॲक्रिलिक वापरा. ऑफिसातल्या साध्या पंचमशीननं दोन भोकं पाडा. त्यांच्या मध्यांतलं अंतर ८० मिलिमीटर असतं आणि भोक सुमारे ६ मिलिमीटरचं. सुताराकडून एका फळीवर तेवढ्याच अंतरावर दोन खुंट्या बसवून घ्या, साडेपाच मिलिमीटर जाडीच्या. शीट खुंट्यांत अडकली की दर वेळी त्याच जागी बसते. भोक फाटलं की चित्र थरथरायला लागतं, म्हणून भोकाभोवती आधीच सेलोटेप लावून मग पंच करा.

एकावर एक चारपेक्षा जास्त शीट नकोत, खालचा रंग मळकट दिसतो. आणि मधलं एखादं पात्र निघून गेलं तर त्याच्या जागी कोरी शीट ठेवा. नाहीतर पात्र जाताक्षणी मागची पार्श्वभूमी अचानक उजळते.

मोबाईल वरून, चाळीस-पन्नास सेंटिमीटरवर, घट्ट बसवलेला हवा. फोकस आणि एक्स्पोजर लॉक करा. खिडकीचा उजेड वापरू नका. आपल्याकडे पावसाळ्यात घडीघडीला ढग येतात आणि फिल्म लुकलुकते. पडदे ओढून दोन्ही बाजूंनी दोन सारखे एलईडी दिवे तिरपे लावा. फोनवर पट्टे सरकताना दिसले तर ५० हर्ट्झचा पर्याय निवडा. वीज गेली आणि इन्व्हर्टरवर दिवे वेगळे पडले तर दृश्य तिथंच थांबवा. फोटो काढणाऱ्यानं पांढरा शर्ट घालू नये, शीटवर त्याची चमक उमटते.

शेवटी चालणं, कारण सगळ्यात जास्त कागद त्यात वाया जातात. एका पावलाला सहा फोटो, दोन पावलांचं बारा चित्रांचं चक्र. पात्र जागच्या जागी चालतं, मागची पार्श्वभूमीची लांब पट्टी सरकते. पाऊल ३० मिलिमीटरचं असेल तर पट्टी दर फोटोला ५ मिलिमीटर सरकली पाहिजे. कमी-जास्त झालं की पाय बर्फावर घसरल्यासारखा दिसतो. पट्टीच्या कडेला पेन्सिलीनं पाच-पाच मिलिमीटरच्या खुणा करून ठेवा, अंदाजावर सोडू नका. पाच सेकंद चालायचं तर ३०० मिलिमीटर सरकणार. कॅमेऱ्यात २४० मिलिमीटर रुंदी दिसत असेल तर पट्टी ५४० ची. तिचा शेवटचा २४० चा भाग पहिल्या २४० सारखाच हुबेहूब काढा. शेवटाला पोचलात की पट्टी ३०० मागं घ्या आणि चालत राहा, जोड दिसणार नाही. फ्रेड घरातून पळताना तीच खिडकी आणि तोच दिवा पुन्हा पुन्हा मागं जातो, तो याचमुळं. पट्टीवर एखादीच ठळक वस्तू ठेवा, एक दार किंवा एक नारळाचं झाड. ठळक वस्तू जितक्या जास्त, तितकी तीच पट्टी फिरतेय हे लवकर उघडं पडतं.